चार मोल मोरचूद

दिवेआगर,
१२ जून

प्रिय अजेय,

पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि मग चिडशील. घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे. चिडायला माझी हरकत नाही. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं, आणि व्हॉट्सअॅपवर मी पानभर लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

रविवारी तू विचारलंस, परत कधी येतेस. तर नीट ऐक. ज्या दिवशी तू आईंशी बोलशील त्या दिवशी मी बॅग भरीन, त्याआधी नाही. मला पुण्याचा कंटाळा आलेला नाही आणि तुझाही आलेला नाही. उलट संध्याकाळी सुरूच्या बनातून चालताना मी तुझ्याशी इतकी बडबडते की समोरून येणारे लोक बाजूला होऊन वाट देतात. पण मागच्या दिवाळीत पंधरा दिवसांसाठी म्हणून आले, तुझी आई एकटी स्वतःपुरतं ताट वाढून घेताना पाहिली, आणि माझा पाय निघेना. बोर्लीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला कुणी मिळत नव्हतं, ते निमित्त झालं.

त्या चुकल्या. हे मीही तुझ्याइतकंच ठामपणे म्हणते. बाबा हातचे जात होते आणि तू जर्मनीतलं ट्रेनिंग अर्धवट टाकून येशील, म्हणून त्यांनी तुला कळवलं नाही. मी पुण्यातच होते, मलाही नाही. तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुझा राग मला समजतो. पण दोन वर्षं आईशी एक शब्द नाही, हे आता फार होतंय रे. रागालाही कधीतरी दमायला हवं.

इकडे पावसाने जम बसवलाय. वाडीतला पाऊस निराळाच असतो. बाहेर रस्त्यावर थांबला तरी पोफळींवरून ठिबकत राहतो, आणि मागून समुद्राची गाज येत असते, त्यामुळे पाऊस आहे की नाही ते कळतच नाही. दुपारी मागच्या पडवीत बसलं की झोप आणि जाग यांच्यामधलं काहीतरी होतं. त्या अवस्थेत मी पेपर तपासते आणि मुलांना सढळ हाताने मार्क देते.

बारावीचा वर्ग सुरू झालाय. द्रावणांचा धडा काढला तर कळलं, अकरावीतला मोल, रेणू मोजायचं ते माप, सगळे धुऊन बसलेत. मग पुन्हा पहिल्यापासून. भरडखोलची एक मुलगी आहे, रचना. वडिलांची होडी आहे. ती म्हणाली, "मॅडम, म्हंजे डझनासारखंच ना? डझनभर बोंबील नि डझनभर सुरमया. मोजायला बारा नि बारा, पण पाटी उचलायला गेलं का कळतंय." मी म्हटलं, बाई, तूच शिकव आता. मोल किती आहेत ते माहीत असेल आणि एका मोलाचं वजन माहीत असेल, तर गुणाकार करायचा, झालं. अख्खा वर्ग मासळीवरून रसायनशास्त्रात आला.

आईंचा तुला निरोप नाही. पण काल भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "त्याच्याकडे छत्री बरी आहे ना?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर, छत्री बरी आहे ना?

तुझी,
अनुया


दिवेआगर,
२९ जून

अजेय,

छत्रीबद्दल तू मला मेसेज केलास, "हो". मी तो आईंना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "कुणाला पाठवलाय?" मी म्हटलं, मला. "बरं," म्हणाल्या आणि नारळ खवायला बसल्या. तुम्ही मायलेक एकाच मातीचे आहात. मी मध्ये उगीच सापडले.

आज मात्र खरं काम आहे. वाचून बाजूला ठेवू नकोस.

सुपारीवरची बोर्डो मिश्रणाची दुसरी फवारणी जवळ आलीये. पहिली मेअखेर झाली, तीही बाबांच्या पद्धतीने. एक किलो निळं मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, आणि शेवटी विळ्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस झालं तर चुना कमी पडला. मासेमारी बंद आहे म्हणून भरडखोलचा हरेश्वर येतो झाडांवर चढायला. नळी खांद्यावर टाकून तो या पोफळीवरून त्या पोफळीवर जातो, जमिनीवर येतच नाही. मी खाली मान वर करून उभी राहते आणि वर निळं धुकं पडत असतं.

तर उरलेल्या मोरचुदाची पिशवी पडवीत दमट झाली. आता या घरात पावसाळ्यात दमट झालेल्या वस्तूचं काय होतं, हे तुला मी सांगायला नको. ती चुलीवर जाते. पापड, मीठ, काडेपेट्या, तुझ्या लहानपणीचे गणवेश. मागच्या आठवड्यात माझे अर्धे पेपर चुलीच्या वरच्या फळीवर वाळत होते, त्यामुळे बारावी विज्ञानाला धुराचा वास येतोय. आईंनी मोरचूद मातीच्या खापरात घातलं आणि न्हाणीच्या चुलीवर ठेवून हलवत बसल्या. मी बोर्लीहून आले तेव्हा खापर पुढे करून म्हणाल्या, "बघ, कसं कोरडं ठणठणीत केलंय."

मला आधी वाटलं, चुना आहे. पांढरं पीठ. मी म्हटलं, "आई, हे पांढरं झालंय."

"असं होय?" त्या म्हणाल्या. खापर खाली ठेवून म्हणाल्या, "उडाला असेल रंग." आणि आत गेल्या.

मी तांब्याभर पाण्यात चिमूटभर टाकलं आणि ते बघता बघता निळं झालं. तुला आठवतं ना, प्रयोगशाळेत आपल्याला पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा तू माझी वही मागायला आला होतास? मी हाक मारली, "आई, बघा बघा, परत निळं झालं!" त्या दारात आल्या. तांब्यात बघितलं. म्हणाल्या, "झालं का? छान." अजेय, एवढं सुंदर काही घडलं की तुझी आई पदर कमरेला खोचून चार प्रश्न विचारते. काल एकही विचारला नाही. मला काहीतरी दिसतंय, पण ते मी लिहिणार नाही. ते माझं नव्हे.

हरेश्वरने खापरात डोकावून बघितलं आणि हात झाडले. "वयनी, ह्ये पांढरं मी न्हाय मारनार. घड करपले तर बोल कुनाला? आदी अजेयभाऊला इचारा, ते रंगाच्या कंपनीत हायत." मग आईही म्हणाल्या, "त्याला विचार."

म्हणून विचारते. निळं एक किलो घेतो, तर हे पांढरं किती घ्यायचं? जास्त झालं तर कोवळे घड जळतील आणि कमी झालं तर सुपारी गळवणारा कोळे रोग थांबणार नाही. फेकून नवं आणा असं सांगू नकोस. विष आहे ते, फेकायचं कुठे, विहिरीत?

अनुया


दिवेआगर,
७ जुलै

अजेय,

सापडले मी. तुझा मेसेज आला: "१००० भागिले २४९.५, चार मोल. चार गुणिले १५९.५, ६३८ ग्रॅम. हे तू रोज शिकवतेस."

हो, शिकवते. चुलीसमोर उभी असतानाच मी मनात गुणाकार केला होता. मोरचुदाच्या खड्यात पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात, ते गेले की मोल तेवढेच राहतात आणि वजन उतरतं. बारावीच्या मुलांनाही येईल. बोर्लीत नवं मोरचूद मिळतं हेही मला ठाऊक आहे. पण आईंच्या तोंडून दोन वर्षांत पहिल्यांदा "त्याला विचार" एवढं निघालं होतं. ते मी वाया जाऊ देणार होते का?

तुझा आकडा मी त्यांना सांगितला. त्यांनी विचारलं, "हे त्याने मला सांगितलंय का तुला?"

"मला."

"मग राहू दे."

"अहो आई, आकडा तोच आहे."

"असू दे. वाडी माझी आहे. मोरचूद मी भाजलंय. सांगायचं तर मला सांगेल."

मी त्यांच्यावर ओरडले, खरंच ओरडले, की तुम्हा दोघांच्या हट्टापायी सुपारी जाईल. मग मी पडवीत जाऊन रडले, आणि त्या माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आल्या. कप ठेवताना तो पायरीच्या कडेलाच ठेवला आणि पडला. दोघी कपाच्या तुकड्यांकडे बघत बसलो. "मेला कप," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, मेला कपच.

शेजारच्या वेणूबाईंच्या वाडीत गळ लागलीये. सकाळी फुलं काढायला जाते तेव्हा कुंपणापलीकडे हिरवी सुपारी पडल्याचा आवाज येतो. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप. ऐकायला इतका मंद, शांत आवाज आहे की त्यात एका घराचं वर्षाचं पीक जातंय हे खरं वाटत नाही. आपल्या झाडांवर अजून काही नाही. पण उघडीप मिळाली की फवारायलाच हवं, आणि आई खापराला हात लावू देत नाहीत.

काल वर्गात मी मोरचूद तापवून दाखवलं. परीक्षानळीत निळे खडे, खाली बर्नर. खडे फिके पडत गेले आणि नळीच्या वरच्या भागात आतून थेंब जमले. सगळी मुलं पुढे झुकली. रचना म्हणाली, "मॅडम, ह्ये तर कोरडं व्हतं की! पानी कुठनं आलं?" मी म्हटलं, आतच होतं. खिडकीबाहेर पाऊस, आत तो निळा रंग हळूहळू जातोय, आणि मला तू दिसायला लागलास, बाबांच्या खुर्चीकडे पाठ करून उभा. घंटा झाली तरी मी नळी हातात धरून उभीच होते.

अजेय, मला घरी यायचंय. आपल्या घरी, तुझ्याजवळ. तुझी इतकी आठवण येते की लिहायला लाज वाटते. पण मी आत्ता आले तर तुम्ही दोघं असेच राहाल, आणि एक दिवस पुन्हा फोन येईल आणि तू पुन्हा उशिरा पोचशील. हे मला होऊ द्यायचं नाही.

त्यांना लिही. नुसता आकडा लिही. "आई" असं वर लिही आणि खाली आकडा. बाकी काही नको.

तुझीच,
अनुया


दिवेआगर,
१६ जुलै

अजेय,

आलं तुझं पत्र.

पोस्टमन माझ्या हातात देत होता. मी नाव वाचलं आणि म्हटलं, आत द्या. आई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाकीट घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं, आणि ते घेऊन तडक वाडीत गेल्या. पावसात, डोक्यावर काही न घेता. बऱ्याच वेळाने आल्या. पाकीट पदराखाली धरून कोरडं ठेवलं होतं, स्वतः मात्र चिंब. फोडलेलं नव्हतं.

"वाच," मला म्हणाल्या. "माझा चष्मा सापडत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी वाचायला लागले.

"आई," इथपर्यंत वाचलं आणि मला थांबावं लागलं. मग पुढे वाचलं. तू म्हणतोस, "६३८ चूक आहे. अनुयाने पुस्तकातलं उत्तर काढलं आणि मीही घाईत तेच पाठवलं. पाण्याचे चार रेणू सहज जातात पण पाचव्याला फार आच लागते, आणि आपल्या न्हाणीच्या चुलीला तेवढी आच कधीच नव्हती. ओलं लाकूड आणि फुटकं धुराडं, मला त्या चुलीवर अंघोळीचं पाणीसुद्धा कधी कडकडीत मिळालं नाही." (इथे आई हसल्या. तोंडावर हात ठेवून, पण हसल्या.) "एक रेणू पाणी आत राहिलं असेल तर एका मोलाचं वजन १५९.५ नाही, १७७.५ धरायचं. चार मोलांचे ७१० ग्रॅम होतील."

मी चक्क ओशाळले. रोज फळ्यावर तो गुणाकार करते, पण ही चूल माझ्या गणितात नव्हती. तुझ्यात होती.

मग तुझा शेवटचा परिच्छेद. पिशवी आधीच दमट होती, म्हणून वजनावरून काही ठरणार नाही, रंगावरूनच कळेल. "आई, खापर उजेडात घेऊन तू स्वतः नीट बघ आणि मला सांग. शुभ्र पांढरं आहे का किंचित निळसर? तू सांगशील त्यावर आकडा ठरवू."

आईंनी खापर आणलं. खिडकीशी बसल्या. डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, बोटाने पसरलं. बाहेर जरा उघडलं होतं, चांगला उजेड होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू सांग ना ग."

मला सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण मी म्हटलं, "आई, त्याने तुम्हाला विचारलंय."

माझा आवाज कठोर झाला होता, ते मलाच ऐकू आलं. मला वाटलं, संपलं, आता त्या उठून आत जाणार आणि सगळं होतं तसंच राहणार. त्या उठल्याही. आतून कागद आणि पेन घेऊन आल्या.

दुपारभर लिहीत होत्या. लिहायचं फार नसावं, पण ओळ सापडत नव्हती. मी सोबत बसू का विचारलं, नको म्हणाल्या. पाकीट त्यांनीच चिकटवलं. मी वाचलेलं नाही. माझ्या पत्राबरोबर पाठवते.

हरेश्वर सकाळी येऊन गेला. म्हणाला, दोन-चार दिवस उघडीप राहील, वारा फिरलाय. वेणूबाईंकडची गळ आता आपल्या कुंपणालगतच्या झाडांना लागलीये. आज दोन सुपाऱ्या मिळाल्या, देठाशी काळ्या पडलेल्या. आईंना मी त्या दाखवल्या नाहीत, हातात दिल्या.

अनुया


दिवेआगर
आषाढ, एकादशी झाल्यावर

चि. अजेय यास
आईचे आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे.

तू रंग विचारलास. मला तो दिसत नाही. खापर पिवळट दिसतं. निळं असलं तरी आता मला ते करडंच दिसतं. अनुयाने तांब्यात निळं करून दाखवलं तेव्हाही मला राखेचं पाणी दिसलं, मी छान म्हटलं. चुलीवर मोरचुदाचा रंग जात होता तेव्हा मी समोर बसून हलवत होते, मला कळलं नाही. समुद्रही तसाच दिसतो. डावा डोळा जास्त गेला आहे. तांदळातले खडे मी बोटाने शोधते.

डॉक्टरला दाखवलेलं नाही. म्हसळ्याला शिबिर होतं तेव्हा गेले नाही. मोतीबिंदू असेल, दुसरं काही असेल, मला माहीत नाही. भीती वाटते.

अनुयाच्या लक्षात आलं असावं. पण तिने मला विचारलं नाही आणि तुलाही लिहिलं नसणार. तोंड मिटून बसायला ती माझ्याकडूनच शिकली की काय. तिला घेऊन जा, तुझ्यावाचून ती सुकते आहे.

हरेश्वरला मी थांब म्हटलं आहे. आधी तू ६३८ म्हणाला होतास, आता ७१० म्हणतोस. मला त्यातलं कळत नाही. तुझे बाबा असते तर चिमूट जिभेला लावून ठरवलं असतं आणि मग मी दिवसभर ओरडले असते. सुपारी गळते आहे ते मला ऐकू येतं. एखाद्या ओळीची गेली तर जाऊ दे. मोरचूद तूच येऊन बघ.

बाबांचं तुला कळवलं नाही. तू शिकत होतास, मला वाटलं मी एकटी निभावून नेईन. नाही निभावलं, अजेय. त्यांनी शेवटी तुझं नाव घेतलं आणि मी दाराकडे बघितलं. त्यानंतर रोज बघते.

आता हे डोळ्यांचं. अजून कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलेलं नाही. सगळ्यांच्या आधी तुला कळवते आहे.

आई